धुराच्या खोलीचा बोर्ड

अनुजाने जोडदौडीचा फॉर्म भरला तेव्हा पप्पांना विचारलं नव्हतं. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. जोडीत एक जण फायर ब्रिगेडचा हवा, नोकरीतला नाहीतर निवृत्त. दुसरा बाहेरचा, पण ओळखीतला. पप्पा म्हणजे दौलत परब, बत्तीस वर्षं ब्रिगेडमध्ये काढून दोन वर्षांपूर्वी लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालेले. आणि ती त्यांची एकुलती एक मुलगी. नावं टाकायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. रविवारी जेवताना पप्पांना सांगू, असं तिने ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारीच फोन आला.

"मॅडम, दौलत परब ऑलरेडी एका जोडीत आहेत," पलीकडचा मुलगा म्हणाला. "जोडी नंबर सतरा. दुसरं नाव संघमित्रा प्रफुल्ल मोहिते. मग तुमचा फॉर्म कॅन्सल करू, की दुसरा कोणी फायरमन देताय?"

"कॅन्सल करा," अनुजा म्हणाली.

तिच्या हातात तेव्हा एक प्रेशर गेज होता. बी.एस्सी. झाल्यापासून परळच्या ज्या लॅबमध्ये ती नोकरी करत होती, तिथे दिवसभर हेच काम. खरा दाब किती, काटा दाखवतो किती, दोघांत फरक किती. त्या दुपारी तिने एकच गेज तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा लिहिला.

संध्याकाळी डिलाईल रोडवरच्या खोलीत शिरली तेव्हा आई मोरीशी बसून मांदेली साफ करत होती आणि पप्पा खुर्चीत बसून बुटांना नवीन नाड्या ओवत होते. धावण्याचे बूट. नवे कोरे.

"जोडदौडीत नाव घातलंत?" तिने चप्पल काढता काढता विचारलं, जणू सहज.

"व्हय. संघून इचारल्यान, मी व्हय म्हटलंय."

"मला सांगितलं नाहीत."

"तुका खंय धावण्याची हौस?" पप्पांनी नाडी ओढून गाठ मारली. "कॉलेजात असताना एनसीसीच्या नावानेसुद्धा पोटात दुखायचं तुझ्या."

"मी पण फॉर्म भरला होता. आपल्या दोघांच्या नावाने."

पप्पांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग राधाकडे, म्हणजे तिच्या आईकडे. आईने मान वर न करताच सुरी बाजूला ठेवली.

"मग विचारायचंस ना गो आधी," आई म्हणाली. "तिने विचारलं, त्यांनी हो म्हटलं. तू कधी विचारलंस?"

"स्वतःच्या बापाला कसलं विचारायचं असतं?"

आईने मांदेली धुवायला घेतली. पप्पांनी दुसरा बूट उचलला.

जोडदौड म्हणजे कामावर असताना जीव गेलेल्या फायरमन, पोलीस आणि अँब्युलन्सवाल्यांच्या घरच्यांना हातभार लावण्यासाठी गिरणगावात भरणारी शर्यत. डिलाईल रोडवरच्या मैदानातून सुटायचं, लालबागला वळसा घालायचा, लोअर परळच्या एका टॉवरचे चोवीस मजले होजचं, म्हणजे पाण्याच्या जाड पाइपचं, भेंडोळं खांद्यावर घेऊन चढायचे. हे धावणं-चढणं जोडीतल्या बाहेरच्याने करायचं. शेवटचा टप्पा मात्र दोघांचा: एका बंद गिरणीच्या गोदामात उभारलेली धुराची खोली. तोंडाला मास्क, पाठीला हवेचा सिलिंडर, आणि काळोखात जमिनीवर टाकलेला होज हाताने चाचपत रांगत पलीकडच्या दारापर्यंत. धूर नाटकात सोडतात तसला, कोणाला बाधू नये असा. पण आत गेल्यावर स्वतःचा हात दिसत नसे. पलीकडच्या दाराशी पितळी घंटा. ती वाजली की जोडीची वेळ थांबली. आत कोणी मास्क काढला, तर जोडी बाद.

प्रत्येक जोडीच्या पाठीवर नंबराखाली एका गेलेल्या माणसाचं नाव असे. जोडी सतराच्या पाठीवर कोणाचं असणार, हे अनुजाला कोणी सांगायची गरज नव्हती.

प्रफुल्ल मोहिते आणि दौलत परब चौदा वर्षं एकाच गाडीवर होते. एकाने होज धरायचा, दुसऱ्याने मागून रेटायचा. अकरा वर्षांपूर्वी गोदामाच्या एका आगीत प्रफुल्लकाका गेले. तेव्हा अनुजा बारा वर्षांची होती आणि संघमित्राही बाराचीच. त्या दिवसापासून पप्पांना दोन मुली झाल्या. निदान चाळीतले लोक कौतुकाने तसं म्हणत. अनुजाने मनातल्या मनात मोजमाप ठेवलं होतं आणि तिच्या मते दोन झाल्या नव्हत्या, एकीच्या जागी दुसरी आली होती. संघमित्राच्या शाळेतल्या पालकसभेला पप्पा. संघमित्राला टायफॉईड झाला तेव्हा हॉस्पिटलात तीन दिवस पप्पा. अनुजाला विज्ञान प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं त्या संध्याकाळी पप्पा कांताकाकूंच्या, म्हणजे संघमित्राच्या आईच्या, घरी नळ बसवत होते. लहानपणी ते अनुजाला 'बाय' म्हणत. एक दिवस चैत्यभूमीवरून परतताना गर्दीत त्यांनी "बाय, हात धर" म्हणून हाक मारली. अनुजाने हात पुढे केला आणि पाहिलं, तर त्यांचा हात संघमित्राने आधीच धरला होता.

असलं काही कोणाला सांगता येत नाही. बाप गेलेल्या मुलीचा हेवा करते म्हटल्यावर जग काय म्हणेल, याची तिला पुरेपूर कल्पना होती. संघमित्रा वाईट असती तरी बरं झालं असतं. पण ती वाईट नव्हती. परळच्या एका रक्तपेढीत काम करायची, तोंडाने फटकळ होती आणि भेटली की अनुजाच्या पाठीत धपाटा घालून "काय सायंटिस्ट!" म्हणायची. म्हणजे रागवायलाही धड जागा नाही.

पप्पा आणि संघमित्रा रोज सकाळी सहाला मैदानात भेटू लागले. एकदा अनुजा मुद्दाम त्या बाजूने ऑफिसला निघाली. कठड्यापाशी दोघं समोरासमोर मांडी घालून बसले होते. ब्रिगेडमधून मागून आणलेला जुना मास्क संघमित्राच्या तोंडावर होता आणि पप्पा बोटांनी काहीतरी मोजत होते. मग संघमित्राने मास्क ओढून काढला, खोकली आणि म्हणाली, "काका, तुम्ही माणूस आहात की कासव?" आणि पप्पा हसले. घरी ते असे शेवटचे कधी हसले होते, ते अनुजाला आठवेना. ती थांबली नाही. ते काय मोजत होते, हेही तिने पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात दर्शना राणे यांचा फोन आला. दर्शनामॅडम स्टेशन ऑफिसर होत्या आणि धुराची खोली त्यांच्याकडे होती.

"तू परबांची ना? फिजिक्स झालंय ना तुझं? मला बोर्डावर डोक्याने शाबूत माणूस हवाय. मंडळाची पोरं आहेत, पण त्यांना भागाकार सांगितला की घाम फुटतो."

तिने हो म्हटलं. का म्हटलं, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

बोर्ड म्हणजे धुरात शिरणाऱ्या माणसांचा पहारेकरी. आत जाणाऱ्याने स्वतःच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला बोर्डवाल्याच्या हातात द्यायचा आणि सिलिंडरचा दाब सांगायचा. बोर्डवाला बिल्ला अडकवतो, वेळ लिहितो आणि हिशेब करतो: एवढी हवा, माणूस मिनिटाला एवढी ओढतो, म्हणजे एवढी मिनिटं, त्यातली दहा राखीव. वेळ भरत आली की वॉकीटॉकीवर बोलावतो. सहा लिटरचा सिलिंडर, दाब दोनशे बार, म्हणजे बाराशे लिटर हवा. मिनिटाला चाळीस लिटर धरायचे. तीस मिनिटं, राखीव वगळता वीस. खोली पार करायला चौदा-पंधरा लागत. सोपं होतं.

"दोन गोष्टी लक्षात ठेवा," मीटिंगमध्ये दर्शनामॅडम म्हणाल्या. "शंका आली तर वॉकीवर गेज विचारा. आतला माणूस काटा बघून आकडा सांगेल, दहा सेकंदांचं काम आहे. आणि दुसरी. बोर्डाने बाहेर बोलावलं की बाहेर. आतल्याने का म्हणून विचारायचं नाही, दोन मिनिटं मागायची नाहीत. एकाने मागितली होती."

त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. अकरा वर्षांपूर्वी त्या गोदामाच्या दाराशी बोर्डावर पप्पाच होते. त्यांनी वेळेवर बोलावलं होतं. आतून प्रफुल्लकाका म्हणाले होते, "दोन मिनिटं, दौलत." दीड मिनिटात माळा खाली आला. ही गोष्ट दोन्ही घरांत सगळ्यांना माहीत होती आणि दोन्ही घरांत तिच्याबद्दल कोणी बोलत नसे.

घरी आल्यावर अनुजाने वेगळाच हिशेब मांडला. मिनिटाला चाळीस लिटर ठीक, पण पप्पांचे चाळीस नव्हते. हे फक्त तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपासून पप्पा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबत आणि मंडळाचा फळा वाचत. फळ्यावर तीन महिने तीच नोटीस होती. अनुजाने त्यांच्या मागून चढत त्यांचे श्वास मोजले होते: मिनिटाला अठ्ठावीस, कधी तीस. डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्यांनी आणलं होतं, पण डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवून तपासलं होतं, जिन्यावर नाही. तिच्या हिशेबाने, एका श्वासाला दोन लिटर धरून, पप्पांचे साठ होते. म्हणजे वीस मिनिटं. राखीव वगळता दहा. खोली पार व्हायच्या आत त्यांना बोलवावं लागणार.

हे तिने दर्शनामॅडमना आधीच सांगायला हवं होतं. न सांगायला तिच्याकडे एक चांगलं कारण होतं: पप्पांचा चारचौघांत अपमान होईल. आणि एक दुसरंही होतं. ते चांगलं नव्हतं. जाऊ दे आत, असं तिला वाटत होतं. अर्ध्यात दम तुटू दे. त्या लाडक्या लेकीसमोर मास्क ओढून काढायची पाळी येऊ दे. मग कळेल कोणाला त्यांची माहिती जास्त आहे.

शर्यतीच्या रविवारी जानेवारीची हवा बरी होती. गोदामाच्या दाराशी टेबल, टेबलावर बोर्ड, बोर्डाच्या मागे अनुजा, हातात वॉकी. दाराशी दीपक नावाचा नोकरीतला फायरमन उभा. आत शिरणाऱ्याचे पट्टे तोच तपासत होता. सोळा जोड्या येऊन गेल्या. एकाही जोडीच्या हिशेबात तिची चूक झाली नाही. मंडळाची पोरं तिच्याकडे आदराने पाहू लागली होती.

सतरावी जोडी आली. संघमित्रा टॉवर चढून धापा टाकत, केस कपाळाला चिकटलेले. पप्पा तिची वाट पाहत दाराशी आधीच तयार उभे होते. दोघांच्या पाठीवर एकच नाव: प्रफुल्ल मोहिते. अनुजाने ते नाव दोनदा वाचलं. आपल्याला मेलेल्या माणसाचाही हेवा वाटतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. पण हेवा काही कमी झाला नाही.

"काय सायंटिस्ट!" संघमित्राने बिल्ला तिच्या हातात दिला. "मोहिते, दोनशे. नीट लक्ष ठेव गं, तुझ्या हातात जीव आहे आमचा."

पप्पांनी बिल्ला दिला. "परब. दोनशे."

बस्स, एवढंच. एखाद्या तिऱ्हाइताला सांगावं तसं. ब्रिगेडमध्ये बोर्डाशी असंच बोलतात, हे अनुजाला माहीत होतं. तरी तिला वाटलं होतं, डोळा मिचकावतील, निदान हसतील. त्यांनी मास्क चढवला, संघमित्राचा पट्टा ओढून पाहिला, तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. दोघं ताडपत्रीच्या पडद्याआड गेली.

दहा बेचाळीस.

चौथ्या मिनिटाला वॉकी खरखरली. "बोर्ड, सतरा. पहिलं वळण." पप्पांचा आवाज. त्यामागे मास्कच्या झडपेचा घरघराट. अनुजाला तो जिन्यावरचा श्वास वाटला. आठव्या मिनिटाला "दुसरं वळण". पुन्हा घरघर. तिने कागदावर साठने भागाकार पुन्हा केला, उत्तर तेच आलं. समोर घड्याळाचा काटा सरकत होता. नवव्या मिनिटाला तिने वॉकी तोंडाजवळ नेली. गेज विचारायचा. एकच शब्द. दहा सेकंद.

तिने विचारला नाही. विचारला आणि आकडा चांगला निघाला, तर? मग त्यांना बोलवायला कारणच उरलं नसतं.

दहा बावन्नला ती म्हणाली, "सतरा, बोर्ड. बाहेर या."

मग मास्कमधून संघमित्राचा दबका आवाज, "काका, थोडंच राहिलंय, दार समोरच आहे—" आणि त्यावर पप्पांचा, एकदम स्पष्ट: "आलो."

होज धरून दुसऱ्या वळणापर्यंत मागे फिरलेली दोघं तिथल्या सुटकेच्या वाटेने दोन मिनिटांत पडद्याबाहेर आली. पुढे संघमित्रा, तिच्या खांद्याला धरून पप्पांनी तिला अक्षरशः फिरवून आणली होती. दीपक धावला. दर्शनामॅडमनी आधी पप्पांचा गेज पाहिला, मग संघमित्राचा.

"परब एकशे तीस. मोहिते एकशे दहा." त्या अनुजाकडे वळल्या. "यांना कशाला बोलावलंस?"

अनुजाच्या डोक्यात भागाकार आपोआप झाला. सत्तरचा फरक, गुणिले सहा, भागिले बारा. पस्तीस. मिनिटाला पस्तीस लिटर. संघमित्राचे पंचेचाळीस. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याने तेवीस वर्षांच्या पोरीपेक्षा कमी हवा ओढली होती.

"माझा हिशेब..." ती म्हणाली. "पप्पांचे श्वास मी मोजले होते. जिन्यावर. तिथे तीस येतात."

"जिन्यावर?" संघमित्राने मास्क टेबलावर आपटला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "जिन्यावर त्यांचे गुडघे दुखतात, अनुजा! दम लागतो तो दुखण्याने. मास्कमध्ये हा माणूस कासव होतो, कासव. चार मोजून आत, आठ मोजून बाहेर. महिनाभर रोज सकाळी मला तेच शिकवत होते आणि मला अजून सहाच्या पुढे जमत नाही. सगळ्या मैदानाला माहितीय. तुला नाही माहीत?"

अनुजाला माहीत नव्हतं. पप्पांचे गुडघे दुखतात, हेही तिला माहीत नव्हतं.

"जाऊ दे गो," पप्पा म्हणाले. ते हेल्मेटचा पट्टा सोडवत होते, कोणाकडेच बघत नव्हते. "बोर्डाने बोलावलं, आपण आलो. विषय संपला."

"संपला कसा, काका? दार हाताला लागत होतं. घंटा..." संघमित्राचा आवाज फाटला. मग ती अनुजाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "एक सांग मला. हिशेब चुकला, मानलं. माणूस चुकतो. पण गेज का नाही विचारलास? वॉकी हातात होती तुझ्या."

दीपक जमिनीकडे पाहू लागला. अनुजाला खोटं बोलणं सहज शक्य होतं: विसरले, घाबरले, वेळ नव्हता. तिन्ही उत्तरं खपली असती.

"विचारला असता तर तुम्ही आतच राहिला असतात," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मला तुम्ही बाहेर यायला हवे होतात. थोडं काळजीने. बाकीचं..." तिने पप्पांकडे पाहिलं. "बाकीचं काळजीने नाही. तू माझ्या पप्पांबरोबर आत गेलीस म्हणून. किती यातलं आणि किती त्यातलं, ते मला मोजता येत नाही."

पप्पांनी आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. चिडले असते तर बरं, असं तिला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आग विझवून झाल्यावर, काय काय गेलं ते बघताना असतो, तसा काहीतरी तो चेहरा होता.

संघमित्राने कपाळाला चिकटलेले केस मागे सारले. मग म्हणाली, "भारीच आहेस तू. माझ्याकडे बाप नाही म्हणून मी तुझा थोडासा घेते, तर तेही तुला खपत नाही." आणि दर्शनामॅडमकडे वळून, "मॅडम, मला परत आत जायचंय."

"जोडी बाद झालीय, मोहिते. नंबर नाही मिळणार."

"नंबर कोणाला हवाय? माझ्या पप्पांचं नाव पाठीवर आहे. ते पलीकडच्या दाराने बाहेर काढायचंय मला, एकदा."

दर्शनामॅडमनी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी मान हलवली. "माझे गुडघे दुसऱ्यांदा रांगायचे नाहीत. दीपक, तू जा तिच्याबरोबर." दीपकने मास्क उचललासुद्धा.

"आणि बोर्ड?" मॅडमनी विचारलं. त्यांनी अनुजाचं नाव घेतलं नाही. नुसता हात पुढे केला आणि अनुजाने वॉकी त्यात ठेवली.

"मी बसतो," पप्पा म्हणाले.

अनुजा खुर्चीतून उठली. पप्पा बसले. नवे सिलिंडर लागले. "मोहिते, दोनशे," संघमित्रा म्हणाली, या वेळी हसली नाही. दीपकचा बिल्ला, दीपकचे दोनशे. पप्पांनी दोन्ही बिल्ले अडकवले, घड्याळाकडे पाहिलं, डोळे बारीक केले. चष्मा मैदानावरच्या पिशवीत राहिला होता.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं. कोणाला विचारलं, ते स्पष्ट नव्हतं. जवळ अनुजाच होती.

"अकरा सात."

त्यांनी लिहिलं. अनुजा त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. जा, असं कोणी म्हटलं नव्हतं; थांब, असंही नाही.

दर दोन मिनिटांनी पप्पा वॉकीत एकच शब्द म्हणत. "गेज?" आणि आतून संघमित्राचा आकडा यायचा. एकशे ऐंशी. एकशे सदुसष्ट. एकशे पन्नास. पप्पांचे डोळे त्या पत्र्याच्या बिल्ल्यावरून हलत नव्हते. अनुजाने त्यांना इतकं एकटक काही बघताना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या दहावीच्या निकालाकडेही नाही. पोटात पुन्हा ते जुनं दुखणं सुरू झालं, ओळखीचं, तिथल्या तिथे. तिला वाटलं होतं, एकदा तोंडाने कबूल केलं की ते जाईल. तसं काही झालं नाही.

"एकशे पन्नास, सहा मिनिटं," पप्पा पुटपुटले. "म्हणजे?"

"मिनिटाला पन्नास," अनुजा म्हणाली. "राखीव सोडून अजून आठ मिनिटं आहेत."

पप्पांनी पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. वॉकी उचलली. "संघू, गेज परत सांग." एकशे अठ्ठेचाळीस. मग त्यांनी अनुजाचा आकडा लिहिला.

तिला ते झोंबलं. पण बरोबर होतं. तिने मुकाट्याने पुढचा हिशेब तयार ठेवला.

तेराव्या मिनिटाला गोदामाच्या पलीकडून घंटा वाजली. एकदा नाही, संघमित्राने ती चांगली सात-आठ वेळा बडवली. दाराशी उभे असलेले सगळे तिकडे धावले, दर्शनामॅडमसुद्धा. कांताकाकूंचा रडण्याचा आवाज इकडेपर्यंत आला, मग टाळ्या. पप्पा अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. बिल्ले परत दिल्याशिवाय बोर्ड सोडत नाहीत.

टेबलापाशी आता दोघंच उरली होती.

"पप्पा," अनुजा म्हणाली.

"हं."

"मास्कमध्ये श्वास कसा घेता तुम्ही?"

"कशाक?"

"मला माहीत नाही म्हणून."

पप्पांनी तिच्याकडे वळून पाहिलं. बाजूला पडलेली दुसरी खुर्ची पायाने ओढली. ती बसली. मग त्यांनी हात पोटावर ठेवला आणि खुणेने तिलाही ठेवायला लावला.

"चारात आत," ते म्हणाले. "पोटात घ्यायचा. छातीत नाय. आता सोड. सोडताना घाई नाय करायची. आठपर्यंत मोज माझ्याबरोबर."

ती मोजू लागली. एक. दोन. तीन. पप्पांचे ओठ किंचित उघडे, डोळे तिच्यावर. चार. पाच. सहा.

"काका!" कोपऱ्यावरून संघमित्रा धावत आली, चेहरा घामाने ओला, हात पुढे केलेला. "बिल्ला द्या माझा!"

पप्पा ताडकन उठले, बिल्ला काढून तिच्या हातात ठेवला आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

अनुजाचा हात पोटावरच होता. उरलेले दोन तिने एकटीने मोजले.